लस किती दिवस टिकते? आधी सांगा, कशापासून?

२०२५ च्या मे-जूनमध्ये कोरोनाच्या बातम्या परत सुरू झाल्या आणि आमच्याकडं पानठेल्यापासून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत तेच जुनं भांडण पुन्हा पेटलं. एक बाजू म्हणते, "दोन-दोन, तीन-तीन डोस घेतले तरी घरोघरी ताप आलाच ना बापा, मंग काहून घेतली होती लस?" दुसरी बाजू तेवढ्याच जोरानं म्हणते की एकदा लस घेतली म्हणजे विषय संपला, आता कोणताही कोरोना येऊ द्या, आपल्याला काही होत नाही. मी डॉक्टर नाही, तालुक्याच्या जागी शाळेत विज्ञान शिकवतो, पण हे भांडण इतकी वर्षं ऐकून एक गोष्ट ठाम दिसते की दोन्ही बाजूंच्या डोक्यात लसीची कल्पना एकच आहे. लस एकतर पूर्ण काम करते नाहीतर अजिबात करत नाही, आणि खरी असली तर जन्मभर टिकते नाहीतर ती लसच नव्हे. या कल्पनेवर उभं राहून दोघं एकमेकांना मूर्ख ठरवून राहिले.

माझं म्हणणं असं आहे की "लस किती दिवस टिकते" या प्रश्नाला एक आकडा नाहीच, कधी नव्हताही. कशापासून टिकते, नुसती लागण होण्यापासून की दम लागून ऑक्सिजनवर जाण्यापासून? कोणाला टिकते, तिशीतल्या धडधाकट पोराला की सत्तरीच्या शुगर असलेल्या बुढीला? आणि कोणत्या विषाणूपुढं टिकते, ज्याच्यावरून लस बनवली त्या जुन्या की नंतर बदललेल्या? हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय जो उत्तर देतो तो चुकीचंच उत्तर देतो, मग तो लसीच्या बाजूचा असो की विरोधातला. आणि हे भांडण असंच चाललं तर त्याची किंमत कोरोनाच्या लसीला नाही, गोवराच्या आणि घटसर्पाच्या लसीला मोजावी लागेल, म्हणजे ज्यांनी या भांडणात तोंडही उघडलं नाही त्या लेकरांना.

आता विरोध करणाऱ्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करू, कारण ते थोडंथोडकं नाही. १६ जानेवारी २०२१ ला आपल्या देशात लसीकरण सुरू झालं तेव्हापासून भाषणात, बातम्यात, बॅनरवर "कवच" हाच शब्द होता. दोन डोस घ्या आणि सुटका करून घ्या, असंच लोकांच्या कानावर गेलं. पुढं तर सर्टिफिकेट असलेला माणूस सुरक्षित आणि नसलेला धोकादायक असं धरून नियम निघाले, मराठवाड्यात औरंगाबाद जिल्ह्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये लस नाही तर राशन नाही, पेट्रोल नाही इथपर्यंत गोष्ट गेली. मग जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची, म्हणजे बदललेल्या कोरोनाची, लाट आली आणि दोन डोसवाले घरच्या घर आडवे झाले. लोकांना फसवल्यासारखं वाटलं तर त्यात लोकांचं काय चुकलं? २ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की कोणालाही जबरदस्तीनं लस देता येत नाही, आणि लस न घेतलेल्या माणसापासून घेतलेल्यापेक्षा जास्त प्रसार होतो असं दाखवणारी माहिती समोर ठेवल्या गेलेली नाही. त्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ३१ जानेवारी २०२१ ला पोलिओच्या थेंबाऐवजी १२ लेकरांना सॅनिटायझर पाजल्या गेलं, लेकरं वाचली, पण ज्या महिन्यात कोरोनाची लस सुरू झाली त्याच महिन्यात हे झालं. अशा ठिकाणच्या आईनं सिस्टरकडं संशयानं पाहिलं तर तिला अडाणी म्हणणारा माणूस मला पटत नाही.

आणि आकडेही विरोधकांच्या बाजूनं बोलतात, अर्धे. कतारमध्ये फायझरच्या लसीवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये छापून आला, त्यात दुसऱ्या डोसनंतर पहिल्या महिन्यात लागण होण्यापासून संरक्षण साधारण ७७ टक्के होतं आणि पाचव्या ते सातव्या महिन्यात ते जवळपास २० टक्क्यांवर आलं. आपल्याकडं बहुतेकांनी घेतलेली कोविशिल्ड म्हणजे ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस, तिच्याबद्दल इंग्लंडमधून जे आलं ते आणखी कडू होतं, दोन डोसनंतर पाच महिने उलटले की ओमायक्रॉनच्या लक्षणांपासून संरक्षण जवळपास उरलंच नाही. म्हणजे "लस घेऊनही ताप आला" हा अनुभव अफवा नाही, तो शास्त्राच्या आकड्याशी जुळणारा अनुभव आहे. लसीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हे खुल्या मनानं कबूल करायला पाहिजे होतं आणि बऱ्याच जणांनी केलं नाही.

पण मी अर्धे म्हटलं ते यासाठी की त्याच कतारच्या अभ्यासात गंभीर आजार आणि मृत्यूपासूनचं संरक्षण दुसऱ्या डोसनंतर ९६ टक्क्यांपर्यंत गेलं आणि सहा महिने जवळपास तिथंच राहिलं. एकच लस, तीच माणसं, तेच महिने. एका मोजमापानं ती संपली आणि दुसऱ्या मोजमापानं ती जागची हलली नाही. असं कसं होऊ शकते? मला वाटते सगळ्या वादाचा गाभा इथं आहे आणि नेमकं हेच कोणी नीट समजावून सांगितलं नाही, ना टीव्हीवर ना प्राथमिक आरोग्य केंद्रात.

लस दंडात टोचली की काही दिवसांत रक्तात अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला अडवणारी प्रथिनं, तयार होतात. त्या बनवणाऱ्या बहुतेक पेशी थोड्या आयुष्याच्या असतात, त्या मरतात, आणि अँटीबॉडीही साधारण तीन आठवड्यांत निम्म्यावर येतात. थोड्या पेशी हाडातल्या मगजात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं थोड्या-थोड्या अँटीबॉडी सोडत राहतात. त्याशिवाय स्मृतीपेशी असतात, ज्या स्वतः काही सोडत नाहीत पण तोच विषाणू परत दिसला की वाढायला लागतात, आणि टी-पेशी असतात, ज्या लागण झालेल्या पेशींना मारतात. आता कोरोना किंवा फ्लू येतो तो नाकातून. नाकातल्या ओल्या अस्तरावर जी वेगळ्या जातीची अँटीबॉडी लागते ती दंडातल्या इंजेक्शननं फारशी बनत नाही, रक्तातली जी थोडी झिरपून तिथं पोचते ती चार-सहा महिन्यांत कमी होते. स्मृतीपेशींना कामाला लागायला चार-पाच दिवस लागतात. ओमायक्रॉनची लागण झाली की साधारण तीन दिवसांत लक्षणं दिसतात, फ्लूमध्ये दोनच दिवसांत. म्हणजे शरीराची आठवण जागी होईपर्यंत नाक वाहायला लागलेलं असते, ताप आलेला असते, अंग दुखत असते. आपण म्हणतो लस फेल गेली.

पण ज्यांनी २०२१ चे एप्रिल-मे पाहिले त्यांना आठवते की माणूस पहिल्या दोन-तीन दिवसांत नव्हता जात. ताप यायचा, उतरायचा, आठव्या-नवव्या-दहाव्या दिवशी दम लागायचा, ऑक्सिजन खाली यायचा आणि मग नागपूर-अमरावतीला बेड शोधत गाडी फिरायची. ही जी मधली सात-आठ दिवसांची फट आहे तिच्यात स्मृतीपेशी आणि टी-पेशी कामाला लागायला पुरेसा वेळ असतो. नाकाजवळ त्या उशिरा पोचतात, फुप्फुसाजवळ वेळेत पोचतात. म्हणून ताप येतो आणि माणूस वाचतो. जी वस्तू नाकात सहा महिन्यांत संपते तीच फुप्फुसात कितीतरी जास्त टिकते, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं असते. नाकातच संरक्षण तयार करायचं म्हणून भारत बायोटेकनं नाकात टाकायची लस काढली, जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आली, तोपर्यंत लोकांचं लक्ष उडालं होतं, आमच्या तालुक्यात तर ती कोणी पाहिलीही नाही.

यावर एक उत्तर नेहमी येते: मंग दवाखान्यात भरती झालेल्यात अर्धे लसवालेच काहून होते? हा प्रश्न हुशार माणसंही विचारतात म्हणून आकड्यानं सांगतो. समजा एका मोठ्या गावात साठीच्या वरची १००० माणसं आहेत. ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी घेतली नाही. लाट आली. न घेतलेल्या १०० पैकी १० जण भरती झाले, घेतलेल्या ९०० पैकी ९ जण. वॉर्डात एकूण १९ माणसं, त्यातली ९ लसवाली, म्हणजे जवळपास अर्धी. वॉर्डात उभा राहून पाहणारा म्हणेल लसीचा काही फायदा नाही. पण न घेतलेल्यात १०० मागं १० आणि घेतलेल्यात १०० मागं १, दहापटीचा फरक आहे. जितकं जास्त लसीकरण होते तितके वॉर्डात लसवाले जास्त दिसतात, हे गणित सातवी-आठवीच्या पोराला समजते, पण लाट चालू असताना ते कोणी फळ्यावर लिहून दाखवलं नाही. आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेबद्दल बोलताना आणखी एक लक्षात ठेवायला पाहिजे. ती लाट आपल्या विदर्भातच आधी उठली, अमरावतीत २२ फेब्रुवारी २०२१ पासून लॉकडाऊन लागलं, तेव्हा लस फक्त आरोग्य कर्मचारी आणि फ्रंटलाइनवाल्यांपर्यंत पोचली होती. ४५ च्या वरच्या सगळ्यांना १ एप्रिलपासून मिळाली, १८ च्या वर १ मेपासून. त्या दिवसांत "लस घेऊनही गेला" म्हणतात त्यातल्या बहुतेकांचा एकच डोस झाला होता, आणि त्या लाटेतल्या डेल्टा या बदललेल्या कोरोनापुढं एका डोसनं लक्षणांपासून जेमतेम ३० टक्के संरक्षण मिळत होतं, हे इंग्लंडच्या आकड्यातून त्याच वर्षी समोर आलं.

हा वाद नवा आहे असं ज्याला वाटते त्यानं देवीच्या लसीचा इतिहास पाहावा. गावातल्या सत्तरीच्या माणसांच्या दंडावर तिचे वण अजून आहेत. एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरनं १७९६ मध्ये पहिल्यांदा टोचून पाहिलं आणि त्याचा ठाम दावा होता की एकदा टोचलं की माणूस कायमचा सुरक्षित. सहा वर्षांत, १४ जून १८०२ ला, ती लस मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचल्या गेली. पण वीस-तीस वर्षं गेली आणि युरोपात लहानपणी टोचून घेतलेल्या मोठ्या माणसांना देवी निघायला लागल्या. तेव्हाही दोन बाजू पडल्या. एक म्हणे लसच खोटी, दुसरी म्हणे लस जन्मभर टिकतेच, ज्याला देवी निघाल्या त्याला नीट टोचलंच नसेल. आजच्या भांडणापेक्षा हे काही वेगळं आहे का? खरं काय होतं, तर लस झिजत होती, पण लहानपणी टोचलेल्या माणसाला पुढं देवी निघाल्याच तर हलक्या निघायच्या आणि मरण्याचं प्रमाण खूप कमी असायचं. जर्मनांनी हे ओळखलं, आधी सैन्यात परत टोचायला सुरुवात केली आणि १८७४ मध्ये कायदाच केला की बाळपणी एकदा आणि बाराव्या वर्षी परत. इंग्लंडनं १८५३ मध्ये बाळांना सक्ती केली पण दुसऱ्या डोसची सक्ती कधी केली नाही, आणि टोचून न घेणाऱ्यांकडून दंडाचे पैसे वसूल करणं चालू ठेवलं, त्याचा राग साचून १८८५ मध्ये लेस्टर शहरात हजारो माणसांचा मोर्चा निघाला. एका देशानं लस झिजते हे कबूल करून कायदा बदलला आणि दुसऱ्यानं एकदा टोचण्याची सक्ती तेवढी चालवली. आणि पुढं १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देवीचा रोग जगातून गेला असं जाहीर केलं, तो याच न टिकणाऱ्या लसीनं गेला. जन्मभर न टिकणारी लस निरुपयोगी असती तर आज देवीचे वॉर्ड असते.

कोणी म्हणेल, मग गोवराची लस कशी टिकते? टिकते, आणि त्याचा पुरावा लसीच्याही आधीचा आहे. अटलांटिक समुद्रात फॅरो नावाची बेटं आहेत, तिथं १८४६ मध्ये गोवर आला आणि पावणेआठ हजार वस्तीतली सहा हजारांवर माणसं पडली. पीटर पानुम नावाचा तरुण डॉक्टर तिथं पाठवल्या गेला, त्याला दिसलं की जी म्हातारी माणसं १७८१ च्या साथीत लहान असताना गोवरातून गेली होती त्यांच्यापैकी कोणालाही परत गोवर झाला नाही, मधे ६५ वर्षं गेली तरी. गोवरही श्वासातूनच पसरतो, मग हा फरक काहून? गोवर शरीरात शिरला की दहा-बारा दिवस आतल्या आत फिरतो, रक्तातून जातो, मग अंगावर उठतो. तेवढ्या दिवसांत आठवण आरामात जागी होते. आणि गोवराचा विषाणू अँटीबॉडीला ओळखू येणारा आपला भाग सहसा बदलत नाही. फ्लू आणि कोरोना या दोन्ही बाबतीत उलटे आहेत, घाईचे आहेत आणि बदलणारे आहेत. म्हणजे लस कमी टिकली तर तो दरवेळी लस बनवणाऱ्याचा दोष नसतो, बऱ्याचदा तो त्या रोगाचाच स्वभाव असतो.

बदलण्याची गोष्ट आपल्या कास्तकाराला कोणी शिकवायची गरज नाही. २००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या कपाशीला, परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जीनवालं बियाणं आलं, आणि अमेरिकन बोंडअळीसाठी फवारणीवर फवारणी करणाऱ्या माणसाला उसंत मिळाली. मग २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं अख्ख्या विदर्भाची पऱ्हाटी आतून खाल्ली. बाजारात बोगस बियाणं होतंच, पण जिथं बियाणं अस्सल होतं तिथंही अळी आली, कारण गुलाबी अळी त्या विषाला सरावली होती. त्याच झाडावर अमेरिकन अळी मात्र तेव्हाही टिकली नाही आणि आजही सहसा टिकत नाही. एकच बियाणं एका अळीपुढं हरलं आणि दुसरीपुढं उभं राहिलं. हे ज्याला वावरात समजते त्याला डेल्टापुढं चाललेली लस ओमायक्रॉनच्या लागणीपुढं का पडली हेही समजते, फक्त त्याला तसं सांगायला पाहिजे होतं, "कवच" म्हणून नाही.

आता दुसरा जोरदार मुद्दा, नैसर्गिक प्रतिकारशक्ती. "आम्हाला होऊन गेला, आमची आतली ताकद लसीपेक्षा भारी." यात तथ्य आहे. जून-जुलै २०२१ च्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, सर्व्हेत देशातल्या सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या, त्यातल्या बऱ्याच लागण होऊनच आल्या होत्या, आणि आजार अधिक लस अशी दोन्ही मिळून तयार झालेली प्रतिकारशक्ती एकट्या लसीपेक्षा जास्त टिकते हेही खरं आहे. पण होऊन गेलेला आजारही जन्मभर राखत नाही. साध्या सर्दीचे चार कोरोना विषाणू आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १० पुरुषांचं रक्त ३५ वर्षांहून जास्त काळ साठवून तपासलं, तर तीच ती सर्दी वर्षभरानं परत-परत होताना दिसली. ब्रिटनमध्ये १५ जणांवर प्रयोग झाला, ज्यांना आधी लागण झाली होती त्यांना वर्षानं परत तोच विषाणू नाकात टाकला, बहुतेकांना लागण झाली पण आजारी कोणी पडलं नाही. म्हणजे निसर्गानं दिलेली ताकदही लसीसारखीच वागते, नाकात लवकर संपते आणि खोलवर जास्त टिकते. खोलवरची आठवण किती लांब जाऊ शकते त्याचीही उदाहरणं आहेत. १९१८ च्या फ्लूच्या साथीत लहान असलेल्या ३२ म्हाताऱ्यांचं रक्त नव्वद वर्षांनी तपासलं, २००८ मध्ये ते छापून आलं, त्यांच्यात त्या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी होत्या आणि काहींच्यात त्या विषाणूला ओळखणाऱ्या स्मृतीपेशीही जिवंत सापडल्या. २००३ च्या सार्समधून, म्हणजे कोरोनाच्याच कुळातल्या आजारातून, वाचलेल्यांत १७ वर्षांनी टी-पेशी सापडल्या. पण नैसर्गिक मार्गाची किंमत आधी द्यावी लागते आणि ती कोण देणार हे आपल्या हातात नसते. २०२१ मध्ये ज्या घरांतून माणसं गेली त्या घरांसमोर उभं राहून "होऊन गेलेलं बरं" असं कोणाला म्हणता येईल?

तिसरा मुद्दा धंद्याचा. दरवर्षी बूस्टर म्हणजे कंपन्यांची कायमची कमाई, असं म्हणतात. मी याला सरळ नाही म्हणणार नाही. १० एप्रिल २०२२ पासून १८ ते ५९ वयाच्यांना तिसरा डोस फक्त खाजगी केंद्रात होता, लसीचे २२५ रुपये आणि वरून १५० पर्यंत सर्व्हिस चार्ज. आमच्यासारख्या तालुक्यात खाजगी केंद्र शोधायला जिल्ह्याला जा, मजुरी बुडवा, भाडं द्या. १५ जुलैपासून ७५ दिवस तो सरकारी केंद्रात मोफत झाला, पण लोकांचं मन तोवर उठलं होतं. ज्याला गरज कमी होती तो शहरातला पोरगा पैसे देऊन घेऊन आला, आणि ज्या म्हाताऱ्याला मोफत मिळत होता त्याला "आता काय गरज" म्हणून कोणी उपकेंद्रापर्यंत नेलंच नाही. म्हणून धंदा होतो ही तक्रार मला खरी वाटते, फक्त तिचा निष्कर्ष "कोणीच घेऊ नये" असा निघत नाही, "सगळ्यांनी सारखंच घेऊ नये" असा निघतो. मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी हेच सांगितलं, धडधाकट लेकरांना आणि साठीखालच्या निरोगी माणसांना परत-परत बूस्टर द्यायची शिफारस त्यांनी केली नाही, म्हातारे, गंभीर जुने आजार असलेले, गरोदर बाया यांच्यासाठी केली, वय आणि आजार पाहून सहा ते बारा महिन्यांच्या अंतरानं.

हे आपल्या भागाला लावून पाहा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट घराघरात सापडतात. सिकलसेलमध्ये प्लीहा लवकर निकामी होते, छातीचं साधं इन्फेक्शन जीवावर येते, म्हणून त्यांनी फ्लूची लस दरवर्षी घ्यावी असं सांगितल्या जाते. किती जणांना ती मिळते? चुलीच्या धुरात चाळीस वर्षं घालवलेल्या बायांची फुप्फुसं, टीबी होऊन गेलेले मजूर, शुगर-बीपीवाले म्हातारे, यांच्यासाठी सहा महिने टिकणारं संरक्षणही खूप असते, जर ते बरोबर सहा महिन्यांत दिलं तर. आणि इथंच फ्लूची लस शिकवून जाते. विषाणू बदलतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, बसून ठरवते की पुढच्या लसीत कोणते विषाणू घ्यायचे. जुळणी चांगली झाली तरी संरक्षण ४० ते ६० टक्के, आणि तेही पाच-सहा महिन्यांत उतरते. आपल्याकडं फ्लू पावसाळ्यात जोर करतो आणि परत हिवाळ्यात. मग मिरगाच्या आधी, मे संपायच्या आत लस दिली तर ती कामाची, आणि साठा आला म्हणून ऑक्टोबरात दिली तर पावसाळा निघून गेला. महाराष्ट्रात २०१५ पासून गरोदर बायांना आणि शुगर-बीपीवाल्यांना सरकारी फ्लूची लस ठेवली आहे, पण किती गरोदर बायांना ती माहीत आहे हे कोणत्याही गावात विचारून पाहा. आईला दिलेल्या लसीच्या अँटीबॉडी पोटातल्या बाळाला जातात आणि जन्मानंतर काही महिन्यांत संपतात. संपतात म्हणून ती लस फेल आहे का? सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, आणि त्याला राखायचं असते ते नेमके तेच काही महिने.

मे महिन्यात ४५ च्या वर ऊन असताना आयएलआरची, म्हणजे लस ठेवायच्या फ्रीजची, लाईट जाऊ न देणं, व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये आइस पॅक घालून दोन ते आठ डिग्रीत डोस पाड्यापर्यंत नेणं, हे सोपं काम नाही, ते करणाऱ्या सिस्टर आणि आशाताई यांच्यावर आणखी ओझं टाकल्याशिवाय होणारही नाही, त्यासाठी माणसं आणि पैसा लागेल. पण यादी करायला काही लागत नाही, साठीवरचे, सिकलसेलवाले, गरोदर बाया, टीबीवाले, ही सगळी नावं आशाताईच्या रजिस्टरमध्ये आधीच आहेत.

लोकांना खरं सांगितलं, की हा डोस थोडे महिने टिकते आणि ताप येऊही शकते, तर कोणी येणार नाही, अशी भीती काही अधिकारी बोलून दाखवतात. मला ती पटत नाही. पायात खिळा घुसला की आपला माणूस न सांगता धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला जातो, लहानपणी घेतलेलं बोगस निघालं असं तो म्हणत नाही. पोलिओचे थेंब एकेका लेकराला कितीदा पाजले, आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. परत घ्यावं लागते या गोष्टीचा लोकांना राग नाही, एकदाच पुरते असं सांगून नंतर परत बोलावलं याचा राग आहे.

म्हणून गोवराचं वेगळं सांगायला पाहिजे, आणि आत्ताच सांगायला पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत आणि मालेगावात गोवराची साथ आली, लेकरं दगावली, कोरोनाच्या काळात राहून गेलेले डोस हे त्याचं एक मोठं कारण होतं. आता "कोरोनाची लस टिकली नाही तर हीही टिकणार नाही" असं म्हणून कोणी बाळाला घरी ठेवत असेल तर त्या आईला समोर बसवून सांगा की गोवर-रुबेलाचे डोस दोन आहेत, एक नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, आणि दुसरा डोस पहिला झिजला म्हणून देत नाहीत. नऊ महिन्यांच्या शंभर बाळांपैकी साधारण पंधरांना पहिला डोस लागूच पडत नाही, ती पंधरा कोणती हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून सगळ्यांना दुसरा. दोन्ही झाले की शंभरातली सत्त्याण्णवच्या आसपास लेकरं गोवरापासून सुटली, आणि ही बहुतेक जन्मभरासाठी.